जड पाण्याची बासुंदी

त्रिशलाबाई मगदूम यांच्या घरात एकच घड्याळ मानलं जायचं, आणि ते आकाशात होतं. भिंतीवरचा बोलका पडदा वेळ सांगायचा, हवा सांगायचा, भाजीचे दरही सांगायचा. पण संध्याकाळची ताटं वाढली जायची ती उन्हाकडं बघून. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि मावळल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. जयसिंगपुरातल्या जैन घरांत यात नवल काही नाही. नवल एवढंच, की लग्न झाल्यापासून या नवराबायकोनं ते जेवण एकमेकांना सोडून कधी घेतलं नव्हतं.

श्रेणिक मगदूम यांचं पेढ्या-बासुंदीचं दुकान स्टेशन रोडला होतं. गिऱ्हाईक यायचं ते नेमकं दिवेलागणीच्या आधी. तरी श्रेणिकराव गल्ला कामगारावर सोपवून घरी चालू लागायचे, आणि दारातलं गिऱ्हाईक म्हणायचं, "मालक जेवायला निघाले, म्हणजे आता दिवस मावळणार." सूर्याला मगदुमांची परवानगी लागते, अशी चेष्टाही गावात चालायची. त्या ताटांशी दोघांची दिवसभराची सगळी भांडणं मिटली होती, लेकीचं लग्न ठरलं होतं, दुकानाची नवी भट्टी ठरली होती. दोघांचा सगळा संसार त्या ताटांशीच बोलून झाला होता.

म्हणून श्रेणिकरावांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली, तेव्हा त्रिशलाबाईंच्या काळजात चर्र झालं.

"अहो, भाकरी गार व्हायला लागलीय."

"खातो की. भूकच लागंना झालीय बघ."

"दुपारी काय खाल्लंत दुकानात?"

"तूच दिलेला डबा. त्यातला निम्मा परत आणलाय, जाऊन बघ."

त्यांनी खरंच बघितलं. निम्मा डबा तसाच होता.

आणि गंमत म्हणजे, दिवे लागले की याच माणसाला हुशारी यायची. त्रिशलाबाईंचे डोळे मिटायला लागलेले असायचे आणि श्रेणिकराव गप्पांना बसायचे. पोट गुरगुरायचं, ते दोघांनाही ऐकू यायचं. मग उठून ते फ्रिजमधली स्टीलची बाटली तोंडाला लावायचे. "मेथीचं पाणी हाय, साखरेवर चांगलं. लई कडू हाय, तू हात लावू नको," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. सकाळी ऊन अंगणात उतरलं तरी त्यांचं घोरणं चालू. आधी उशीर थोडा होता, महिन्यामहिन्याला वाढत गेला. एका छपराखाली राहून दोघं दोन गावांत राहिल्यासारखी झाली. एक उठायचं तेव्हा दुसरं झोपेत, आणि एकाला भूक लागायची तेव्हा दुसऱ्याची भांडीसुद्धा घासून झालेली.

त्रिशलाबाईंच्या मनात नको ते यायला लागलं. माणूस संध्याकाळी जेवत नाही आणि तरी वाळत नाही, म्हणजे नंतर कुठंतरी खातो. आयुष्यभराचा नेम या वयात गुपचूप मोडतो. त्यांनी विचारलं नाही. विचारलं आणि नवरा खोटं बोलला, तर ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट इथंच सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. श्रेणिकरावांची रक्तातली साखर तेव्हा इतकी चढली, की ते दुकानातच बेशुद्ध पडले आणि पुढं बरेच दिवस दवाखान्यात काढले. पेढेवाल्याचा 'एक चमचा' कधी एक नसतो, हे डॉक्टरांना त्रिशलाबाईंनीच सांगितलं. गोड कायमचं बंद झालं. दुकानात पाक बघायचा तर थेंब जिभेला लावायचा आणि लगेच चूळ भरायची, एवढी सूट मिळाली. घरी आल्यावर श्रेणिकराव लहान मुलासारखे रडले होते. त्रिशलाबाईंनी समजूत वगैरे काही काढली नाही. दुसऱ्या दिवशी मंदिरात गेल्या आणि आदिनाथांसमोर हात जोडून त्यांनी गोडाचा त्याग केला. पुन्हा एका वाटीतून दोघांना गोड खाता येईल तेव्हाच खायचं, तोवर नाही. परत येऊन बिनसाखरेचा चहा टाकला आणि कामाला लागल्या.

त्यानंतर दिवाळ्या झाल्या, बारशी झाली. राजुलच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या लग्नात श्रेणिकरावांनी स्वतः उभं राहून बासुंदी आटवली. सगळा मांडव बोटं चाटत होता, आणि बायकोनं मात्र वाटी उचलून विहिणीच्या पानात ठेवली. ती वाटी श्रेणिकरावांच्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही.

आता थोडं पाण्याबद्दल.

पाण्याचा प्रत्येक रेणू म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याला धरून बसलेले हायड्रोजनचे दोन. कृष्णेच्या पाण्यात तेच, समुद्रात तेच, डोळ्यांतल्या पाण्यातही तेच. पण हजारो हायड्रोजनांमध्ये एखादा जन्मतःच जाड निघतो. त्याच्या पोटात एक कण जास्त असतो, म्हणून वजन दुप्पट. नुसत्या असल्या हायड्रोजनचं पाणी वेगळं काढलं, तर त्याला जड पाणी म्हणतात. दिसायला ते साध्या पाण्यासारखंच असतं आणि तहानही भागवतं. पण लिटरमागं शंभरेक ग्रॅम जास्त भरतं. उकळायला शंभर अंशांच्या किंचित वर जावं लागतं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, हे पठ्ठं चार अंशांच्या जरा खाली गेलं की गोठून बसतं. साध्या पाण्यात बर्फ तरंगतो, याचा बर्फ तळाला जातो. आणि सगळ्यात अजब म्हणजे, हे पाणी चवीला किंचित गोड लागतं. साखरेचा कणही नसतो, पण जिभेवरची जी जागा साखर ओळखते, तीच या पाण्यालाही ओळख देते. यावर शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं वाद घातला आणि शेवटी जिभेचंच खरं निघालं.

पूर्वी असल्या पाण्याची किंमत ऐकूनच चक्कर यायची. मग सूर्यात अणू जुळतात तसे अणू जुळवून वीज करणारी केंद्रं समुद्रकाठी उभी राहिली. त्यांना जाड हायड्रोजन लागायचा, म्हणून समुद्रातून जड पाणी वेचणारे मोठे कारखाने निघाले. कारखान्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी काढून ठेवलं, आणि उरलेलं 'गोडधारा' नावाच्या बाटल्यांतून बाजारात आलं. मोठ्या माणसानं दिवसाला एक कप घ्यायला सरकारनं परवानगी दिली. मधुमेहवाल्यांची दिवाळीच झाली. सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत टपऱ्याटपऱ्यांवर पाट्या लागल्या: येथे जड चहा मिळेल.

एका कपावर थांबला असता तर तो माणूस कसला! आणि तिथंच मेख होती. शरीरातल्या पेशीपेशीत एक घड्याळ असतं. भूक कधी लागायची, झोप कधी यायची, हे ते ठरवतं. ते चालतं रसायनांची जोडतोड होत राहते म्हणून. जाड हायड्रोजन जिथं चिकटतो तिथून सहजी सुटत नाही, त्यामुळं ही जोडतोड संथ होते आणि घड्याळ मागं पडायला लागतं. एका कपानं पडलेला फरक सकाळचं ऊन भरून काढतं. पण जो तांब्याभर पितो, त्याचा दिवस उन्हाला जुमानत नाही. बँकेतला कॅशिअर जेवणाच्या सुट्टीत कामावर हजर व्हायला लागला. एका शाळेत मुलं प्रार्थना म्हणून वर्गात जायची आणि मग हेडमास्तर फाटकातून आत यायचे. लग्नाच्या बैठकीत मुलीचे वडील पगाराआधी विचारायला लागले, "मुलगा जड पाणी पीत नाही ना?"

हे सगळं त्रिशलाबाईंना ठाऊक होतं, गावाबरोबर त्याही हसल्या होत्या. पण आपल्या घरात त्यांनी ते शोधलं नाही. श्रेणिकराव दुकानात गोडधारा विकायचे, स्वतःबद्दल मात्र म्हणायचे, "मला न्हाई बाबा आवडत. पाण्याला कसली चव?" आणि हा माणूस आजवर बायकोशी खोटं बोललेला नव्हता.

चैत्र लागला तसं ऊन तापलं. विरजण दुपारपर्यंत आंबायला लागलं, म्हणून त्रिशलाबाईंनी फ्रिजचा काटा अगदी थंडाकडं फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताक करायला दही काढताना स्टीलच्या बाटलीला धक्का लागला आणि आतून दगड हलावा तसा आवाज आला.

बर्फ! जैन आचाराप्रमाणं त्यांच्या घरात बर्फ वर्ज्य होता. फ्रिज घेतला त्याच दिवशी त्यातला बर्फाचा साचा त्यांनी दुकानदाराला परत दिला होता. त्यांनी दूध बघितलं, पातळ होतं. बाजूचं पिण्याचं पाणी बघितलं, तेही नुसतं गार. मग मेथीचं पाणी तेवढं गोठायला त्याला काय झालं होतं? त्यांनी बाटली नळाखाली धरली. थोड्या वेळानं काचेसारखा स्वच्छ बर्फाचा गोळा घसरून परातीत पडला आणि त्याचे तुकडे झाले. मेथीचा पिवळेपणा नाही, वास नाही. शेजारीच पाण्याचा तांब्या होता, त्यात एक तुकडा पडला.

तो बुडाला. सरळ तळाला जाऊन बसला. त्रिशलाबाईंनी चमच्यानं वर ढकलला, तर पुन्हा खाली गेला.

त्या तिथंच फरशीवर बसल्या. बोट ओलं झालं होतं. जिभेला लावलं असतं, तर एका क्षणात सगळं कळलं असतं. त्यांनी बोटाकडं बघितलं आणि ते पदराला पुसून टाकलं.

राजुल पुण्याच्या एका रुग्णालयात झोपेच्या विकारांची डॉक्टर होती. पडद्यावर आईचा चेहरा बघून तिनं हातातलं काम खाली ठेवलं. त्रिशलाबाईंनी तांब्याच पडद्यासमोर धरला.

"आई, हा बर्फ साध्या पाण्यात बुडलाय?"

"बुडलाय. तुझ्या बाबांच्या बाटलीतला हाय."

"बाबा ही बाटली किती दिवसांत संपवतात?"

"रोज एक. दुकानात काय पितात देवाला ठाऊक."

राजुल डॉक्टरकीचा आवाज बाजूला ठेवून म्हणाली, "आई, अंगातल्या पाण्याचा पाचवा हिस्सा जड झाला ना, की नव्या पेशी तयार होणं अडायला लागतं. रक्त, आतडी, सगळीकडं त्रास सुरू होतो. बाबा अजून तिथवर पोचले नसावेत, नाहीतर अंथरुणाला खिळले असते. पण त्याच रस्त्यावर आहेत. आजपासून बंद. बंद केलं की दहाएक दिवसांत निम्मं निघून जातं, मग त्याच्या निम्मं. घाबरू नकोस."

त्रिशलाबाई घाबरल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर, पहिल्यांदा त्यांना इतकं बरं वाटलं, की हसूच आलं. नवरा चोरून जेवत नव्हता! नेम मोडला नव्हता! मग पाठोपाठ राग आला, की गोड पाणी आणि मला सांगितलं कडू म्हणून. आणि मग पाचव्या हिश्शाचं आठवलं. त्यांनी चप्पल पायांत घातली आणि भर उन्हात स्टेशन रोडची वाट धरली.

दुकानाच्या मागं भट्टीची खोली होती. श्रेणिकराव कढईवर वाकले होते. कट्ट्यावर खव्याचा घट्ट गोळा होता, आणि त्याच्याभोवती गोडधाराच्या बाटल्याच बाटल्या. बायकोला दारात बघून त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मेथीचं पाणी करालाय व्हय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

पदराच्या टोकानं घाम पुसत त्रिशलाबाई पोत्यावर बसल्या.

"काय असंल ते एकदाच सांगा. मी घरात बर्फ बुडताना बघून आलीय."

मग श्रेणिकरावांनी सांगितलं. बासुंदी करायची होती. साखरेची नाही, जड पाण्याची. दोघांनी एका वाटीतून खायची.

"पहिल्यांदा म्हटलं, पाणी नुसतं गोडसर हाय, आटवलं की गोडी वाढंल. चार बाटल्या कढईत ओतल्या आणि बसलो आटवत. पाक व्हावा म्हणून वाट बघतोय, बघतोय... शेवटी कढई कोरडी! तळाला काहीच न्हाई."

रागातसुद्धा त्रिशलाबाईंना हसू फुटलं. जन्मभर पाक केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? साखरेच्या पाकात पाणी उडतं आणि गोडी मागं राहते. इथं गोडी म्हणजे खुद्द पाणीच होतं. ते वाफ होऊन धुराड्यातून निघून गेलं.

"मग?"

"मग उलटं केलं. दूध आटवून अगदी कोरडा खवा केला. त्याचं साधं पाणी गेलं की न्हाई? मग तो या पाण्यात सैल करायचा. बासुंदी होतीय बघ, दिसाय झकास. पण गोडच लागंना. कणभरसुद्धा न्हाई. रोज करतोय, रोज चाखतोय."

"चाखून चूळ भरायची. पिताय कशाला बाटल्याच्या बाटल्या?"

श्रेणिकराव झाऱ्याकडं बघत राहिले. "तुला द्यायची तर आधी माझ्यावर बघायला नको? नवीन चीज हाय. सरकार म्हणतंय एक कप. पण एका कपानं काय कळतंय? म्हटलं आपण भरपूर पिऊन बघू. आपल्याला काही झालं न्हाई, तर तुला एक वाटी द्यायला हरकत न्हाई. आखितीला द्यायची होती. आदिनाथांनी त्या दिवशी उसाच्या रसानं उपास सोडला. म्हटलं, त्याच दिवशी तुझाबी सोडवावा."

भट्टीवरचं दूध वर आलं, ते त्रिशलाबाईंनीच उठून उतरवलं. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला होता.

"अकरा वर्षं गोड सोडलंय मी. एक दिवस आठवण आली न्हाई, खोटं न्हाई सांगत. आणि तुम्ही समोर जेवत न्हाई, तर या चार महिन्यांत घास घशाखाली उतरंना झालाय माझ्या. कुणी सांगितली होती बासुंदी? मला तुम्ही ताटावर पाहिजे होता!"

कामगारानं बाहेरून डोकावलं आणि शहाण्यासारखं परत गेला.

"तसं असंल तर," श्रेणिकराव चाचरत म्हणाले, "तूबी पी की थोडं थोडं. तुझंबी घड्याळ माझ्यासारखं होईल. दोघं मिळून उशिरा उठू."

सांगायला हरकत नाही, क्षणभर त्रिशलाबाईंच्या मनाला ते शिवून गेलं. उशिरा का होईना, दोघांना एकदम जाग येणं, एकदम भूक लागणं. बाटली हाताशीच होती. मग त्यांनी खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडं बघितलं.

"आणि सूर्याला काय करायचं? त्यालाबी एक बाटली पाजणार काय?"

श्रेणिकरावांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी समोरची बाटली उचलून बायकोच्या हातात दिली. उरलेल्या बाटल्या कामगाराकडून कपाटात बंद करून घेतल्या आणि किल्ली त्रिशलाबाईंनी कमरेला खोचली.

त्यानंतर घरात एकच कार्यक्रम सुरू झाला. त्रिशलाबाई पाणी गाळायच्या, उकळायच्या, गार करायच्या आणि नवऱ्याला पाजायच्या. अंगातलं जड पाणी घामावाटे, लघवीवाटे, श्वासावाटे जात होतं आणि त्याच्या जागी साधं पाणी भरत होतं. पेलाभर झाला की दुसरा पेला. "पोटात कृष्णा वाहाय लागलीय," श्रेणिकराव कुरकुरायचे. सकाळी त्या पूर्वेची खिडकी सताड उघडायच्या आणि ऊन झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येईल असं बघायच्या. घड्याळ ओढून आणायला उन्हासारखं औषध नाही, असं राजुलनं सांगितलं होतं. श्रेणिकराव चादर डोक्यावर घ्यायचे, त्या ती ओढायच्या.

संध्याकाळी मात्र अवघड व्हायचं. श्रेणिकराव बायकोसाठी ताटावर बसायचे आणि दोन घास कसेबसे गिळायचे. दिवे लागले की त्यांना भूक लागायची आणि खायला मुभा नसायची. तेव्हा त्रिशलाबाई त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर बसून राहायच्या. गप्पा मारायच्या म्हणून बसायच्या आणि थोड्याच वेळात त्यांचं डोकं नवऱ्याच्या खांद्यावर कलायचं. उपाशी पोटानं श्रेणिकराव झोपाळा हळू हलवत राहायचे, ती जागी होऊ नये म्हणून. आपण या बाईला चार महिने एकटीला जेवायला लावलं, हे त्यांना तेव्हा फार लागायचं.

बासुंदीचं नाव मात्र त्यांनी टाकलं. "न्हाई जमली," एवढंच म्हणाले. "पाणचट झाली. असली देऊन तुझा त्याग मोडायचा म्हणजे पाप."

आखिती, म्हणजे अक्षय तृतीया आली. मंदिरात सकाळी सगळ्यांना उसाचा रस वाटला. त्रिशलाबाईंनी दरवर्षीसारखा आपला पेला कपाळाला लावून शेजारणीच्या हातात दिला. श्रेणिकरावांनी ते बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

संध्याकाळी त्रिशलाबाई तव्यावर भाकरी टाकत होत्या. ऊन अजून समोरच्या गच्चीवर होतं. तेवढ्यात मागं पावलं वाजली आणि त्याआधी एक ओळखीचा गुरगुराट ऐकू आला. श्रेणिकराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, ताट स्वतःच हातात घेऊन.

"झालं न्हाई काय गं? वाढ की. पोटात कावळे ओरडाय लागलेत."

त्रिशलाबाईंच्या हातात भाकरी तशीच राहिली. चार महिन्यांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, ते त्यांनी तव्याच्या धुरावर ढकललं. मग गॅस बारीक केला आणि कमरेची किल्ली काढून पुढं केली.

"दुकानात जावा आणि एक बाटली घेऊन या. खवाबी आणा. एका वाटीनं काही होत न्हाई, राजुलला विचारून ठेवलंय मी."

"अगं, पण गोड न्हाई ती! मला चव लागतच न्हाई. अकरा वर्षांनी सोडणार आणि तेबी असल्या मिळमिळीत..."

"दिवस मावळाय आलाय. बोलत बसू नका."

साठी उलटलेले श्रेणिकराव स्टेशन रोडनं अक्षरशः पळाले. गिऱ्हाइकांनी वाट करून दिली. मालक आज दुकानाकडं पळताहेत, हे उलटंच काहीतरी आहे, असं कुणीतरी म्हणालंही. परत आले तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर चढलं होतं. घामाघूम होऊन त्यांनी खवा पाण्यात फेटला, वेलदोडा कुटून घातला. एक वाटी, दोन चमचे. त्रिशलाबाईंनी मंदिराच्या दिशेला हात जोडले.

पहिला चमचा श्रेणिकरावांनी घेतला. जिभेवर घोळवला, आणि चेहरा पडला. माल बिघडल्यावर कारागिराचा पडतो तसा. "बघ. सांगत होतो. काहीच न्हाई."

त्रिशलाबाईंनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. श्रेणिकराव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत राहिले.

डोळे उघडून त्रिशलाबाई करड्या आवाजात म्हणाल्या, "साखर घातलीत?"

"शपथ! कणसुद्धा न्हाई. तुझ्यासमोर तर फेटली."

"मग एवढी गोड कशी? अहो, घशाला लागतीय!"

श्रेणिकराव बघतच राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं. ज्या जिभेनं ते गोडी मोजत होते, ती पेढेवाल्याची जीभ होती. जन्मभर रोज पाकाचे थेंब लावून लावून बधिर झालेली. समोरच्या बाईच्या जिभेनं अकरा वर्षांत साखर बघितली नव्हती. तिला पाण्याची गोडीसुद्धा भरून उरत होती. पहिल्याच आठवड्यातली पहिलीच वाटी पुरली असती.

"म्हणजे मी चार महिने उगाच..." त्यांनी कपाळाला हात लावला.

"मला विचारायचं होतं की," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा चमचा भरला आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ नेला. "खावा. नीट खावा, चूळ भरू नका."

श्रेणिकरावांनी खाल्ला. डोळ्यांतलं पाणी ओघळून ओठांशी आलं होतं, तेही त्याबरोबर पोटात गेलं. यावेळी चव लागली का, असं त्रिशलाबाईंनी विचारलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली, आणि ते खरं होतं की बायकोचं मन राखायला होतं, हे त्यांनी पुढं कधीच सांगितलं नाही.

वाटी संपली. ती बाजूला ठेवून त्रिशलाबाईंनी दोन ताटं घेतली आणि दोन्हींत गरम भाकरी वाढली. दिवस अजून मावळला नव्हता.